बियाची नऊ वांगी

माझं नाव द्वारका. माहेर पारोळ्याकडं, सासर अमळनेरकडं, आन तिसरं घर म्हनाल तर हे नवागाम, सुरतेतलं, जिथं पंधरा-सोळा वरीस झाले मी राहते आन अजून लोक विचारतात, तुमचं गाव कोनतं. लिहून घ्या ताई, पन मी सांगते तसंच लिहा. गोड करून लिहू नका. माझ्या तोंडात गोड राह्यलं नही, आन आनायचं म्हनलं तरी आता येनार नही.

माझ्या बापाचं वावर बोरी नदीच्या काठाले व्हतं. मोठं नव्हतं, पन काळं, पाय घोट्यापर्यंत रुतेल असं. त्यात मायनं एक तुकडा भाजीपाल्याचा ठेवलेला, आन त्या तुकड्यात तिची भरताची वांगी. तुम्ही भरताचं वांगं पाह्यलं का आमच्याकडचं? हे सुरतेच्या मार्केटातलं जांभळं नही. हिरवं, पांढऱ्या चट्ट्यांचं, नारळाएवढं, आतमध्ये बी कमी आन गर लोन्यासारखा. तुराट्यांवर भाजलं की अख्ख्या गल्लीले वास जायचा. सुरतेत तुराट्या कुठल्या आनू, मी कारखान्यातले मोडके धोटे जाळते, मागावरचे लाकडी. घट्ट लाकूड, चांगलं जळतं. सुरतेचा तेवढा एक उपयोग.

तर माय बी धरायची. बी धरनं म्हंजे काय, तुम्हाले माहीत नसंल. पहिल्या तोडनीचं वांगं बियाले ठेवायचं नही. दुसऱ्या बहराचं ठेवायचं, चांगल्या झाडाचं, एका झाडावर एकच. त्याले चिंधी बांधायची म्हंजे कोनी चुकून तोडनार नही. मग ते झाडावरच पिवळं व्हतं, तांबूस व्हतं, मऊ पडतं, तेव्हा फोडायचं, बी धुवायचं, राखेत घोळायचं आन सावलीत सुकवायचं. माय चिंधीले गाठी मारायची. एक गाठ म्हंजे लवकर लागलेलं झाड. दोन गाठी म्हंजे चवीले गोड. तीन गाठी म्हंजे कीड लागली नही असं. तिले लिहिता येत नव्हतं, तर तिचं लिहिनं ते असं. मी सुरतेले निघाले तेव्हा तिनं तमाखूच्या डबीत बी घालून दिलं. मी म्हनलं, माय, तिथं खोली दहा बाय दहाची, मी कुठं लावू. ती म्हने, जागा भेटते वं, हात पाहिजे.

आन भेटली. आमच्या खोल्यांच्या मागं रेल्वेची जागा, पटरीपर्यंत रिकामी पडलेली, काटे आन डबकं. मी तीन वरीस माती टाकली तिथं. कुठून आनली विचारू नका, कुठं पाया खनला की तिथून पाटी भरून आनायची, डोक्यावर. दोन खाटा मावतील एवढा तुकडा केला. गिलके, मेथी, कोथमीर, वालाच्या शेंगा, आन मधोमध माझी वांगी. सकाळी कारखान्यात जायच्या आधी अर्धा तास, आल्यावर अर्धा तास. कामाचं विचाराल तर मी कांड्या भरायची. मोठ्या कोनावरचं, म्हंजे पुठ्ठ्याच्या शंकूवरचं, सूत मशीनवर कांडीले गुंडाळायचं, मग ती कांडी धोट्यात जाते, धोटा मागात जातो. आमचे मालक मागावर, आठ माग एकटा मानूस सांभाळायचे, बारा तासांची पाळी. मालक म्हंजे आमचे हे, नवरा. शेठ वेगळा. शेठले आम्ही शेठच म्हनतो.

तर त्या फागुनात काय झालं ते सांगते. होळीले चार-पाच दिवस व्हते. आत उकाडा म्हनून शेठनंच मशीन दाराजवळ लावलेलं, आन मी तिथं बसून कांड्या भरत व्हते. बाहेर टेम्पो आला बीम घेऊन. बीम म्हंजे तान्याचा मोठा रूळ, लोखंडी, त्याच्यावर हजारो तार गुंडाळलेले, चार मानसं उचलतात तेव्हा हलतो. फळी लावून उतरवायचा, दोर मागून धरायचा. त्यादिवशी मानसं दोनच व्हती, कारन बाकीचे होळीले गावी गेलेले. दोर सुटला. बीम फळीवरून आला, उंबऱ्यावरून उडाला आन माझ्या मांडीवर. मी ओरडले का नही मले आठवत नही. माग चालूच व्हते, कोनाले काय ऐकू जानार. मांडीचं हाड दोन ठिकानी आन गुडघ्याची वाटी. शेठ आला आन पहिलं काय म्हनला माहीत आहे? तू त्यां बेठी ज शा माटे. तू तिथं बसलीच कशाले. अरे, तूच बसवलं ना मले! नंतर दवाखान्यात केळी घेऊन आला डझनभर. त्यातली दोन सडकी. मी ती वेगळी काढून त्याच्या हातात परत दिली, सगळ्यांदेखत.

मोठ्या सरकारी दवाखान्यात मी पडून. पायाले वजन टांगलेलं, मग आपरेशन, आत सळई घातली. डाक्टर चांगले व्हते, त्यांच्यावर माझा राग नही. माझा राग घरच्यांवर, ते आता ऐका.

मी पडले म्हनल्यावर आमचे जेठ, म्हंजे मालकांचे मोठे भाऊ, घरात कर्ते, ते विचार करायले लागले की हे झालं कशामुळं. दोर दोघांनी धरला म्हनून झालं, एवढं सरळ आहे. पन नही. ते गेले दिंडोलीकडं एका भगताकडं. भगत म्हने, घराजवळ कोनी काही बांधलंय का पाहा. आले, पाह्यलं. मागं माझ्या वाफ्यात नऊ वांगी, पिवळी पडलेली, प्रत्येकाले काळी चिंधी, चिंधीले गाठी, कुठं एक, कुठं दोन, कुठं तीन. मी कारखान्यातून किनारीच्या चिंध्या आनायची, त्यावर्षी काळं कापड चालू व्हतं मागावर, म्हनून काळी. लाल चालू असतं तर लाल बांधली असती! जेठ ओरडले म्हने, हाई पाहा, हाई करनी शे, हाई कोनी बांधं? आन सगळी झाडं मुळासकट उपटली. नुसती वांग्याची नही. वाल उपटला, गिलक्याचा वेल ओढून काढला, मेथी तुडवली. वर मीठ टाकलं, जमीन शुद्ध व्हावी म्हनून. मीठ, ताई! तीन वरीस डोक्यावर वाहिलेल्या मातीत.

शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला मानूस. त्याच्या मायनं, माझ्या सासूनं, काय गिलक्याले चिंधी बांधली नसंल? बांधली व्हती, मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं. पन चौदाव्या वर्षी मागावर उभा राह्यला तो उभाच राह्यला, आन बियाचं वांगं आन करनी यातला फरक विसरला. एवढं विसरतं का मानूस? मले तर वाटतं ते सगळे मिळून विसरायचं ठरवून आले इथं.

मले दवाखान्यात कोनी सांगितलं नही. दीड महिन्यानं रिक्षातून घरी आनलं, खाटेवर टाकलं, मी म्हनलं, वांगी काढली का, बी धुतलं का? मग माझी पोरगी संगीता, बारा वर्षांची तेव्हा, ती म्हनली, आई, काकांनी सगळं उपटलं. मी मालकांकडं पाह्यलं. ते दाराकडं पाहत व्हते. मी म्हनलं, तुम्ही कुठं व्हते? म्हने, व्हतो. मी म्हनलं, तुम्हाले माहीत नव्हतं का मी बांधते म्हनून? म्हने, माहीत व्हतं, पन काळ्या चिंध्या, तीन तीन गाठी, तू तिकडं शुद्धीवर नही, दादा म्हनला, मी घाबरलो. आता घाबरले ते माझ्यासाठीच घाबरले, हे मले कळतं. मी काही दगड नही. पन घाबरून मानसानं बायकोचंच उपटायचं?

आन बी म्हनाल तर घरात एक दाना नव्हता. तमाखूच्या डबीतलं त्या साली सगळं पेरलेलं, कारन नऊ वांगी उभी व्हती, पुढची काळजी नव्हती. माय वारलेली. भावांनी केव्हाच तो तुकडा मोडून कपाशी लावली, वांग्याचं बी आता ते पुडीतलं आनतात दुकानातून. म्हंजे मायचं जे व्हतं ते त्या नऊ वांग्यांत व्हतं, बस. जगात दुसरीकडं कुठंच नही. हे मी कोनाले सांगू? सांगितलं तर म्हनायचे, जीव वाचला ते पाहा, वांग्याचं काय घेऊन बसली. जीव वाचला, जीव वाचला. काय करायचं व्हतं त्या वाचलेल्या जिवानं, खाटेवर बसून भिंत पाहायची?

भगतानं झाडं जाळायले सांगितलेली. पन मालकांची पाळी भरायची व्हती, त्यांनी आळस केला, ओढत नेली आन गल्लीच्या टोकाले उकिरडा व्हता खाडीजवळ, तिथं फेकली. आमच्या संसारात त्यांच्या आळसाचा उपयोग तेवढा एकदाच झाला, तो पुढं सांगते.

पायाचं सांगते आधी. प्लास्टर निघालं पन गुडघा वाकेना. आजही वाकत नही, पाहा, एवढाच. चालते मी, काठी घेऊन, लंगडत. पन उकिडवं बसता येत नही. आता मले सांगा, निंदनं काय उभ्यानं व्हतं? रोप लावनं, मेथी खुडनं, माती भुसभुशीत करनं, सगळं उकिडवं. बाईचं अर्धं आयुष्य उकिडवं जातं आन ते गेल्याशिवाय कळत नही. डाक्टर म्हनले, बाई, आता खाली बसायचं काम सोडा. सोडा! जसं काही बिडी आहे.

ज्येष्ठ-आखाडात मी एकदा प्रयत्न केला. सुताची रिकामी गोनी घेतली, तिच्यावर बसले, चांगला पाय पुढं रेटायचा, दोन्ही हात मागं टेकायचे आन पाठमोरं सरकायचं, आखडलेला पाय आपला मागून ओढत येतो. गेले वाफ्यापर्यंत. तोवर गल्लीतल्या बाया जमल्या. कोनी च्च करतं, कोनी हसतं. मालक पाळीवरून आले, तोंड लाल. म्हने, ऊठ, भिकारनीसारखी घसरत फिरते, लोक काय म्हनतील, मी तुले खाऊ घालत नही का? संगीता रडायले लागली, तिच्या शाळेतल्या पोरींनी पाह्यलं म्हनून. जेठ म्हनले, त्या जागेत पाय ठेवायचा नही, ती जागा वाईट शे. मले दोघांनी उचलून आत आनलं. पोत्यासारखं. मी त्या दिवशी जेवले नही आन कोनी आग्रहबी केला नही.

मग पावसाळा गेला असाच. खाटेवर बसून लसून सोल, तांदूळ निवड. मार्केटातून भाजी यायची, पिळपिळीत, मी ती चिरायची आन माझं डोकं फिरायचं.

आन मग गनपती गेले, नवरात्र यायचं व्हतं, तेव्हा ते प्लेगचं आलं. तुम्ही तर ऐकलंच असंल. उंदीर मेले, मानसं मेली, तोंडाले रुमाल, आन सुरत पळायले लागली. आमच्या गल्लीत दोन दिवसांत कुलपंच कुलपं. स्टेशनात उभं राहायले जागा नही, म्हनून जेठांनी गावाले जायले टेम्पो ठरवला, तीन घरांत मिळून. मालकांनी मले खांद्याले धरून बाहेर आनलं. मी वाळलेली, केस विस्कटलेले, पाय ओढत. टेम्पोवाल्यानं पाह्यलं आन म्हनला, आ बाई बीमार छे, हुं नई लई जाऊं. मालक म्हनले, बीमार नही, पाय मोडला आहे. तो ऐकेना. टेम्पोत बसलेल्या बाया पदर नाकाले लावून मागं सरकल्या. त्याच बाया, ज्यांच्या घरी माझी गिलकी गेली, माझी मेथी गेली! टेम्पोवाला म्हने, ही चढली तर मी सगळ्यांले उतरवतो. संगीता टेम्पोत बसलेली, रडत. जेठ म्हनतात, लवकर ठरवा.

मी मालकांले म्हनलं, जा तुम्ही. पोरीले घेऊन जा. मी राहते.

आन ते गेले.

काय सांगू तुम्हाले ताई. मी म्हनलं जा, ते खरं. पोरीले एकटीले पाठवता येत नव्हतं, तेबी खरं. सगळं खरं. पन मी जा म्हनल्यावर मानसानं एकदा तरी नही म्हनावं. खोटं म्हनावं. म्हनावं, नही, तुले सोडून कसा जाऊ. मग मी परत जा म्हनलं असतं आन ते गेले असते, काही बिघडलं नसतं. पन त्यांनी पहिल्या शब्दालेच मान हलवली. आत आले, पिंप भरून ठेवलं, पीठ काढून ठेवलं, दवाखान्यातून आनलेल्या कॅप्सुला उशाले ठेवल्या, म्हने, गाडी घेऊन येतो दोन दिवसांत. आन टेम्पो गेला. मले बीम पडला तेव्हा एवढं दुखलं नही.

दोन दिवस मी खाटेवर बसून राह्यले. मग तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आलं, माग बंद आहेत. अकरा-बारा वरीस ती खटखट कानात, आन आता काहीच नही. गल्लीत कोनी नही. कोनी म्हंजे कोनी नही. आन मले एकदम हसू आलं. म्हनलं, अगं द्वारके, लोक काय म्हनतील म्हनत व्हते, लोक तर गेले!

गोनी काढली. सरकत सरकत मागच्या दारानं वाफ्यावर गेले. कंबरेएवढं गवत. मिठाचं काही झालं नव्हतं, अख्ख्या पावसाळ्यानं सगळं धुऊन नेलेलं. मी गोनीवर एका अंगावर आडवी झाले, कोपर टेकलं आन गवत उपटायले लागले. आडवं पडून निंदता येतं, मले माहीतच नव्हतं. तासाभरात ताटाएवढी जागा मोकळी झाली. हात सोलले, पाठ भरून आली, आन मी मोठ्यानं रडले. रागानं रडले. जेठाले शिव्या दिल्या, मालकांले दिल्या, शेठले तर अशा दिल्या की तुम्ही लिहू शकनार नही. ऐकायले कोनी नव्हतं म्हनून मनसोक्त दिल्या.

पाचव्या दिवशी टोकाच्या उकिरड्याकडं नजर गेली. ढिगावर काही हिरवं. एरंड, घोळ, आन त्यात एक पान, मोठं, किंचित निळसर, मागून लवदार. वांग्याचं पान मी शंभरात ओळखते. मी सरकत गेले, रस्त्यावरून, खडे टोचतात, गोनी फाटली. पाह्यलं तर काय, फेकलेली वांगी तिथंच सडली, बी पडलं, पावसात उगवलं. झुबकेच्या झुबके. काही गुडघ्याएवढी, काही वीतभर. जाळायले सांगितलेली झाडं. मायचं बी.

आन त्याच दुपारी म्युनिसिपालटीची गाडी आली भोंगा लावून, उद्या सकाळी सगळा कचरा उचलनार, दवा मारनार, कोनी बाहेर येऊ नका.

मी घरी खुरपं शोधलं. ते जेठांनी कोनाले देऊन टाकलेलं. मग उलथनं घेतलं. सकाळी उजाडताच ढिगाशी गेले. भीती वाटली का म्हनता? वाटली ना. तिथं उंदीर पडलेले दिसत व्हते, वास येत व्हता. मी तोंडाले पदर गुंडाळला आन म्हनलं, मरायचं तर मरू, खाटेवर मरन्यापेक्षा बरं. वीतभराची रोपं पाह्यली, थोराड झालेली लागत नही म्हनून, आन उलथन्यानं मातीसकट काढायले लागले. तीन-चार काढली तोच गाडी आली. मागं लोखंडी पंजावाली मशीन. एक मानूस उतरला, तोंडाले फडकं, हातात फावडं, ओरडला, ए माजी, अहीं शुं करो छो, खसो, खसो, मरी जशो.

सरक इथून म्हने, मरशील. मी म्हनलं, नही खसनार. मराठीतच म्हनलं. म्हनलं, हे माझ्या मायचं बी आहे, माझ्याच मानसांनी इथं फेकलं आन आता तू नेतो, आधी माझ्यावरून मशीन घाल मग ने. त्याले किती समजलं देव जाने. त्यानं माझा पाय पाह्यला, गोनी पाह्यली, उलथनं पाह्यलं. मशीनवाल्याले हात केला, थोभो. आन स्वतः फावडं घेऊन खाली वाकला. मी ओरडले, अरे हळू, मुळं तुटतील, बाजूनं घाल, खालून उचल! त्याच्यावरही ओरडले मी, जो एकटा माझ्यासाठी वाकला त्याच्यावर. तो हसला फडक्याआड, डोळ्यांवरून कळलं. माझी तीन-चार धरून सतरा रोपं झाली, ती त्यानं गोनीच्या पुढं एका फळीवर ठेवली आन ती फळी माझ्या वाफ्यापर्यंत आनून ठेवली. त्याचं नाव मी विचारलं नही. रागात राहून गेलं. ते मले अजून लागतं.

रोपं आडवी पडून लावली. एक हात टेकलेला, एक हात मोकळा. मोठी पानं खुडून टाकली, वरून एरंडाची पानं झाकली उन्हासाठी. मालकांनी पिंप भरून ठेवलेलं पिन्यासाठी, त्यातलं अर्धं रोपांले घातलं. सतरातली अकरा जगली. मोकळ्या जागेत मेथी फेकली, ती आठ दिवसांत वर आली.

दोन दिवसांत येतो म्हननारे पंधरा-सोळा दिवसांनी आले, दिवाळीच्या आधी. मी वाफ्यात आडवी पडलेली, कोपरापर्यंत चिखल. पावलं ऐकली. संगीता आधी धावत आली, गळ्यात पडली. मालक मागं उभे. म्हने, ऊठ, लोक येऊ राह्यले परत, पाहतील. मी म्हनलं, पाहू द्या. मी पळाले नही, लाज ज्यांनी पळताना टाकली त्यांनी ती शोधावी. ते खाली पाहत राह्यले. रोपं पाह्यली, पान ओळखलं त्यांनी, तोंडावरून कळलं. मी म्हनलं, उभे काय, बसा खाली, तुमचे गुडघे वाकतात ना अजून? तो कोपरा निंदायचा राह्यलाय. आन बसले ते. गावाहून आनलेलं गाठोडं खाली ठेवलं आन पांढऱ्या कपड्यांनिशी उकिडवे बसले. जेठ आले पाहायले, म्हनले, त्या जागेत... मी उलथनं हातात घेतलं आन त्यांच्याकडं पाह्यलं. सुनेनं जेठाकडं असं पाहायचं नसतं आमच्यात. पदर सुद्धा डोक्यावर नव्हता. ते गेले निघून. तेव्हापासून या बाजूले येत नहीत, पन भरीत त्यांच्या घरी जातं आन ताट धुऊन परत येतं, म्हंजे खातात.

ह्याले आता चार वरीस झाले. अकरा झाडांचं बी धरलं, आज नवागामात सहा घरांच्या मागं ही वांगी आहेत. टेम्पोत पदर नाकाले लावनाऱ्या बायाबी रोपं मागायले आल्या. दिली मी. न देऊन काय करू, झाडानं काय केलंय. पन देताना एकेकीले आठवन करून दिली, तोंडावर, आन मगच दिली.

मी अजून गोनीवरच सरकते. संगीतानं खाली रबर शिवून दिलंय, आता फाटत नही. मालक रोज सकाळी दोन कळशा पानी आनून ठेवतात, रोप लावायचं असलं की उकिडवे बसतात, मी मागून सांगते, एवढं खोल नको, माती दाबा. सांगितलं तसं करतात. टेम्पोच्या दिवसाचं ते कधी बोलले नही आन मीबी विचारलं नही. माफ केलं का म्हनता? नही. खोटं कशाले सांगू. पन सकाळी कळशी ठेवल्याचा आवाज आला नही तर मी हाक मारते, इतकं आहे.

आता उठा तुम्ही, ऊन चढलं. ही दोन वांगी न्या, गॅसवर भाजू नका, गर कच्चा राहतो. आन ताई, देव तुमचे हातपाय शाबूत ठेवो. नहीच ठेवले, तर जीभ तरी शाबूत ठेवो.